काळं नख

नख काळं होतं, एवढंच. तिनं फोटो मोठा केला, अजून मोठा केला, इतका की पडद्यावर नुसता एक हात उरला. खुर्चीच्या कोरीव दांड्यावर टेकलेला, करंगळी बाकीच्या बोटांवर रुसून बाजूला बसल्यासारखी, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख काळं. बाकीची चारही स्वच्छ. माउसवरचा हात तिनं उचलून मांडीवर ठेवला, जणू दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावला होता. कारण पडद्यावरचा हात तिच्या आईचा होता. ती करंगळी, ते नख, मनगटाशी दुमडलेली शालीची कड. डोळे मिटून काढून दाखवला असता तिनं तो. आणि शालीच्या वर, जिथं आईचा चेहरा असायला हवा होता, तिथं भलतीच बाई बसली होती. रुंद कपाळाची, जाड भुवयांची, जरा दटावल्यासारखं बघणारी. कपाळावर ओल लागून मोठा तपकिरी डाग पडला होता, आणि तो घालवण्यासाठीच फोटो दुकानात आला होता.

फोटो आणला होता पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळवाल्यानं. सकाळी मालकानं अजून शटर पुरतं वर केलं नव्हतं तोच तो वाकून आत शिरला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम छातीशी धरून. "टचिंगबाई आल्या का?" दुकानात तिला सगळे टचिंगबाईच म्हणत, मालक तिच्याहून वयानं लहान, तो तेवढा ताई म्हणे. घड्याळवाल्यानं कागद सोडला नाही, वरूनच थोपटलं. "आईचा फोटो आहे. कपाटामागं होता, कपाट हलवलं तेव्हा कळलं भिंतीनं काय केलंय ते. डाग तेवढा घालवा. संध्याकाळी नेतो."

"होईल."

"आणि एका नखावर काळं दिसेल तुम्हाला."

"तेही साफ करते."

"अहो नाही, तेच तर सांगायला थांबलोय! त्याला हात लावू नका. शिवणयंत्राची सुई गेली होती तिच्या बोटातून, आरपार. माझाच सदरा शिवत होती. तेवढं राहू द्या."

तिनं मान हलवली आणि विसरून गेली. गिऱ्हाइकं असं सांगतच असतात. कुणाला तीळ ठेवायचा असतो, कुणाला नवरा काढून टाकायचा असतो.

तिच्या घरी, पुढच्या खोलीत, बाबांच्या पलंगासमोर आई आहे. फोटो आहे असं ती कधी म्हणत नाही, आई आहे म्हणते. आई गेली तेव्हा ती दीडेक वर्षाची होती; भिंतीला धरून चालत असेल नसेल. तेव्हा आठवण म्हणावी तर हा एक फोटो, आणि फोटोतही खरं तर चेहरा नाही, हात. चेहऱ्याशी तिचं कधी जमलंच नाही. तो कुठंतरी पलीकडे बघत असे, खोलीत दुसरं कुणी उभं असल्यासारखा. डाव्या गालाला खळी होती, पण हसू नव्हतं; खळी पडून गेली आणि हसायचं राहून गेलं असा काहीसा चेहरा. लहानपणी तिला वाटे, आई हसणारच होती, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला असेल, हलू नका. हात मात्र समोर होता, कुणाकडेही न बघता नुसता ठेवलेला. ती स्टुलावर चढून काचेवरून त्या हातावर आपला हात ठेवी. आधी तिचा सगळा पंजा आईच्या पंजाच्या मधोमध मावत असे. मग बोटं बोटांवर यायला लागली. एका उन्हाळ्यात दोघींचे हात अगदी सारखे झाले, आणि त्या दिवशी तिनं काच इतकी दाबली की बाबा ओरडले. पुढं तिचा हात मोठा झाला, आणि आईचा हात त्याच्याखाली झाकून जायला लागला, तेव्हा तिनं ते थांबवलं. आत्या म्हणायची, "तुझे हात मेले बापाचे. फावडी नुसती. वहिनीचा हात बघ कसा आहे, लोण्यासारखा." फोटोकडे बघूनच म्हणायची.

नखाचं तिनं बाबांना विचारलं होतं. शाळेत जायला लागली असेल तेव्हा. बाबा बूट पुसत होते. पुसता पुसता थांबले आणि म्हणाले, दारात सापडलं. वारा सुटला, दार आपटलं, बोट चेंगरलं. मग आई रडली? छे. ओरडलीसुद्धा नाही. बोट तोंडात घातलं आणि दाराकडे बघून म्हणाली, तुला नाही ना रे लागलं? एवढी गोष्ट. पण या एवढ्या गोष्टीवर तिनं अख्खी आई उभी केली होती. आई ओरडत नसे, म्हणून तीही ओरडली नाही. दाढ काढताना नाही, मुलगी झाली तेव्हा नाही. नर्स म्हणाली, अहो ओरडा की, इथं सगळ्या ओरडतात. ती पलंगाच्या नळीला धरून मनातल्या मनात ते काळं नख बघत होती. नवरा दूरच्या शहरात नोकरीला गेला आणि हळूहळू तिकडचाच झाला, तेव्हाही तिनं दाराकडे बघून विचारलं होतं, तुला नाही ना रे लागलं? आणि एकटीच हसली होती.

आता ती खुर्ची पुढं ओढून त्या दटावणाऱ्या बाईच्या मानेपाशी गेली. शाल गळ्यापर्यंत घट्ट लपेटलेली. एवढी घट्ट का असावी? चेहऱ्यावर उजेड डावीकडून, हातावर उजवीकडून. एका बाईला दोन सूर्य. हनुवटीखाली पेन्सिलीची बारीक जाळी, केसाएवढ्या रेघा, फार हुशार माणसानं मारलेल्या. जोडकाम. तिला हसू यायला हवं होतं, कारण ती स्वतः पोटासाठी दिवसभर हेच करते. निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल चालवायचं ती बघून बघून शिकली, आणि शिकून होईतो काचा संपल्या. आता मेलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नात उभं करते, परदेशातला भाऊ सोफ्याच्या रिकाम्या टोकाला बसवते. पूर्वीचं जोडकाम वेगळं होतं. तेव्हा बाईचा फोटो दोनदाच लागायचा, दाखवायला आणि टांगायला. दाखवायची गरज पडली नाही तर टांगायच्या वेळी घरात शोधाशोध व्हायची. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप सापडायचा, तिसऱ्या रांगेत, दोन खांद्यांच्या मधून बाहेर आलेलं वाटाण्याएवढं डोकं. स्टुडिओवाला ते मोठं करायचा, कापायचा, दुसऱ्या कुणाच्या तरी धडावर बसवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. आयुष्यभर जिला कुणी खुर्ची दिली नाही ती मेल्यावर कोरीव खुर्चीत बसायची. हे सगळं तिला ठाऊक होतं. आणि आपल्या घरच्या भिंतीकडे या डोळ्यांनी बघायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, अगदी डोळ्यासमोर टांगलेला.

पण थांब, तिनं स्वतःला बजावलं. जोड या बाईला आहे. म्हणजे डोकं हिचं उपरं. धड आईचं असू शकतं. आईचा खरा फोटो स्टुडिओत पडला असेल, त्याचं धड घेऊन या बाईला दिलं असेल. तसं असेल तर हात आईचाच, आणि घड्याळवाल्याची आई तिच्या आईच्या हातावर उसनी बसलीय. बसेना का. ही कल्पना तिनं घट्ट धरली. एवढं फक्त बघायला हवं होतं, घरच्या फोटोत आईच्या चेहऱ्यावर उजेड कुठून येतो. आणि ते तिला आठवेना. जन्मभर बघितलेला चेहरा. खळी आठवली, भांग आठवला, उजेड आठवेना. डावीकडून म्हणावं तर डावीकडून येई, उजवीकडून म्हणावं तर निमूट उजवीकडून.

तिनं घरी फोन लावला.

"बाबा, आईच्या फोटोत उजेड कुठून येतोय?"

"उजेड? नाही, लाइट आहे इथं. तुझ्याकडे गेली का?"

"फोटोत, बाबा! आईच्या तोंडावर!"

"तोंडावर काय?"

"गळ्यापाशी बघा, शालीच्या वर. रेघ दिसते का?"

"कुणाची रेघ? मी काही लिहीत नाहीये. तू जेवलीस का?"

"राहू द्या," ती म्हणाली. "जेवले."

जेवली नव्हती. डबा उघडून बंद केला होता. पुढं मालकानं हाक मारली, पासपोर्टचं गिऱ्हाईक आलं होतं, आणि ती उठली तेव्हा तिला स्वतःची मान नवी वाटली, कुणीतरी बसवून दिल्यासारखी; वळवताना जपून वळवावी लागत होती. पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. "हसू का?" त्यांनी विचारलं. हसायचं नाही, मालक म्हणाला. "कान?" कान दिसले पाहिजेत. "म्हणजे कान हवेत, हसू नको. बायकोचं बरोबर उलटं होतं." मालक हसला. ती नाही हसली. हनुवटीला दोन बोटं लावून तिनं म्हाताऱ्याचं डोकं सरळ केलं, आणि ते हातात सुटून येईल असं वाटून एकदम बोटं काढून घेतली.

"ताई, बरं नाही का?" मालकानं विचारलं.

"जरा वारा खाऊन येते."

बाहेर रस्ता होता, आणि रस्त्यावर डोकी. एरवी तिला माणसं दिसत. आज डोकी दिसली, आणि त्यांच्याखाली धडं, घाईघाईनं जोडलेली, बरीचशी बेतशीर न बसलेली. एका पोरगेल्या तोंडाखाली साठीचे खांदे चालले होते. कपड्यांच्या दुकानाच्या काचेत तीन पुतळे नुसते धडाचे, वर काहीच नाही, आणि किती आरामात उभे होते. दोन मुली फोन समोर धरून गालाला गाल लावून उभ्या होत्या. काढला, बघितला, पुसला, पुन्हा काढला. तिची मुलगीही असेच पाठवते, एका सकाळी वीस, सगळे सारखे, आणि ती प्रत्येकाला छान म्हणते. पूर्वी माणसाच्या वाट्याला एक फोटो यायचा आणि घरची माणसं तो जन्मभर बघायची. आता माणसाच्या वाट्याला लाख येतात आणि बघायला कुणी उरत नाही. मुलीला उद्या आई हवी झाली तर कुठला हात ती निवडेल? या विचारानं ती आणखीच सैरभैर झाली. आपण कशासाठी तळमळतोय हे तिनं एकदा स्पष्ट स्वतःशी म्हणून बघितलं, मनातल्या मनात, पण शब्द जुळवून: तो हात आईचा नसेल तर मला आई नाही. मेलेली आई वेगळी. ती गेली तरी असते.

"चहा आला गं!" वरून हाक आली.

मालकाची आई दुकानाच्या वरच राहायची; दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं. सगळे तिला काकू म्हणत. गुडघे धरल्यापासून जिना तिनं सोडला होता. दुपारचा चहा बाल्कनीतून टोपलीत, दोरीनं खाली यायचा. इतकी वर्षं खालून तिनं नेहमी टोपलीकडेच बघितलं होतं, सांडला का, बिस्किटं किती. आज कोण जाणे का तिनं वर बघितलं. कठड्यावर दोन सुरकुतलेले हात होते, दोरी सोडणारे, आणि उजव्या हाताची करंगळी दोरीला न शिवता बाजूला ताठ उभी होती. बाकीच्यांवर रुसल्यासारखी.

टोपली जमिनीला टेकली. ती तशीच उभी. "अगं घे ना," काकू वरून म्हणाली, "की मीच येऊन पाजू?"

जिना चढताना तिला एवढंच कळत होतं की आपण पायऱ्या चढतोय. काकू बाल्कनीतच खुर्चीत बसली होती, दोरीची गुंडाळी मांडीवर. "तू वर? खाली काही पेटलं का?"

"काकू, हात बघू तुमचा."

"भविष्य सांगतेस? उशीर केलास, संपत आलं." पण हात पुढं केला. नख काळं नव्हतं, कुठलंच नव्हतं. पिवळी, जाड, साधी नखं. तिनं विचारलं, आणि आपला आवाज तिलाच लांबून ऐकू आला, "या बोटाचं नख कधी काळं होतं का तुमचं?"

काकू तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हळूहळू एक हसू आलं, पकडली गेल्याचं आणि बऱ्याच दिवसांनी ओळखली गेल्याचं. "कुणाच्या घरची आहे मी?" तिनं विचारलं. "खाली आलेय का टचिंगला?"

"घड्याळवाल्याच्या घरची."

"असेन. मी बऱ्याच ठिकाणी आहे." काकूनं पाय लांब केले. "लग्नाला वर्ष झालं असेल. हे म्हणाले, बैस, तुझा एक छान फोटो काढतो. मी इतकी खूश! शाल दिली, खुर्ची दिली, हात असा ठेव म्हणाले. फोटो आला छान. चार दिवसांनी बघते तर माझ्या मानेवर कुणाची तरी सासू!"

"मग? तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"मान दुखली आठवडाभर. म्हणणार काय? चांगलं बसलेलं धड मिळत नाही म्हणाले, बायका फोटोला बसतात त्या चोर धरल्यासारख्या. मी बरी बसले होते, तीच चूक. त्यांनी ती प्लेट जपून ठेवली, आणि ज्या घरची बाई फोटो न काढता गेली तिला माझं अंग. अर्ध्या गावाच्या भिंतींवर मी बसलेय. लोक माझ्याकडे बघून डोळे पुसतात, आणि खाली भाजीवाला मलाच सुटे नाहीत म्हणतो. कुणाच्या घरी गेले ना, तर आधी खाली बघून बसते. न जाणो, समोर मीच असायचे."

"आणि नख?"

"फोटो धुवायच्या औषधानं. तेव्हा काचेच्या प्लेटा. औषधात हलवत राहायच्या. सगळी बोटं भिजली तर कोरड्या कागदांना डाग पडतात, म्हणून भिजवायचं एकच बोट, बाकीची कोरडी. नियम यांचा, बोट माझं. ते नख कधी गोरं झालंच नाही, हे गेले आणि मग वाढून निघून गेलं. प्लेटवरचं तेवढं पुसणार होते ते पेन्सिलीनं. मी हात धरला. म्हटलं, डोकं उडवलंत ना माझं? मग तेवढं एक नख राहू द्या."

खालून रस्त्याचा आवाज येत होता. तिनं दोरीच्या गुंडाळीकडे बघत, जसं काही दुसऱ्याच कुणाचं विचारावं तसं, विचारलं, "एक बाई होती. मधोमध भांग. डाव्या गालाला खळी."

"खळीवाली!" काकू खुर्चीत सरळ झाली. "अगं, ती कशी विसरेन? किती त्रास दिला त्या डोक्यानं. लग्नातला ग्रुप होता, आणि बाईच्या कडेवर पोर. दीडेक वर्षाचं. पोरानं आईचा गाल धरलेला, बोट हे असं रुतवलेलं. कापायचं कसं? पोराचं डोकं कापून निघालं, हात कापून निघाला, पण ते एक बोट गालातच. यांनी पेन्सिल घोटून घोटून बोट पुसलं. खड्डा राहिला. खड्डा भरला तर गाल सुजल्यासारखा दिसे. शेवटी मी म्हटलं, असू दे, खळी म्हणून खपेल." ती थांबली. "मग तिचा नवरा आला न्यायला. तरणाच होता. बघत राहिला, बघत राहिला, आणि म्हणाला, हिला खळी नव्हती. यांनी मुकाट पेन्सिल उचलली. तर तो म्हणाला, नको. राहू द्या."

"धडाबद्दल काही नाही म्हणाला?"

"धडाबद्दल कुणीच काही म्हणत नसे. नखाबद्दल मात्र सगळे विचारत. मग घरी जाऊन ज्याचं तो काय ते सांगत असेल." काकूनं मान तिरकी केली. तिच्या डोळ्यांत आता काहीतरी हळूच बसत चाललं होतं. "तुझ्याकडे काय सांगितलं?"

"दार," ती म्हणाली.

"दार बरंय."

"घड्याळवाल्याकडे शिवणयंत्राची सुई. आरपार."

"अगं बाई!" काकूनं आपलं बोट दुसऱ्या हातात धरलं, आत्ताच टोचल्यासारखं.

मग तिनं ते केलं, जे लहानपणी स्टुलावर चढून करायची. आपला हात काकूच्या हातावर ठेवला, बोटांवर बोटं. मध्ये काच नव्हती. खालचा हात गरम होता, कातडी सैल होती, आणि तो हलला. उलटा झाला आणि त्यानं तिचा हात धरला. फोटोतला हात असं काही करत नाही. तिला वाटलं आपण आता ओरडणार, इतक्या वर्षांचं सगळं एकदम, दाढेचं, बाळंतपणाचं, दाराचं. ओरडली नाही, हातही सोडवून घेतला नाही.

"गार आहे गं तुझा हात," काकू म्हणाली. "जा, चहा पी आधी."

"तुमचा स्वतःचा एक तरी असेल ना काकू? डोक्यासकट?"

"तो कशाला? डोकं घरातच होतं की, चालतंबोलतं."

"खाली या उद्या. मी काढते."

"आता?" काकू हसली. "आता अंग कुणाचं लावशील मला?"

घड्याळवाला संध्याकाळी आला तेव्हा कपाळ स्वच्छ झालं होतं. तिनं ते काम कसं केलं हे तिला आठवत नव्हतं. हातांनी केलं होतं. नख तसंच होतं. त्यानं फ्रेम दिव्याखाली धरली आणि कपाळाकडे बघितलंच नाही, सरळ हाताकडे गेला. "हा. हा आईचा हात. याच बोटानं कान धरायची माझा."

तिच्या जिभेवर सगळं तयार होतं. चार वाक्यांचं काम. सकाळी हे तिला कुणी सांगितलं असतं तर? तिनं विचारलं, "सुई गेली तेव्हा तुम्ही केवढे होतात?"

"मला कुठलं आठवतंय? वडील सांगायचे."

"खूप ओरडल्या असतील."

"छे! ओरडली नाही. म्हणे सदऱ्याला डाग लागला म्हणून हळहळली." तो अभिमानानं म्हणाला, तिला फार ओळखीच्या अभिमानानं. कुठल्याच घरातली बाई ओरडली नव्हती. तिनं फ्रेमला कागद गुंडाळून दिला. "ओलीची भिंत टाळा," ती म्हणाली. "आणि काच जपून न्या."

घरी बाबा पलंगावर बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते. तिनं पिशवी ठेवली, चप्पल पायातच, आणि स्टूल ओढून भिंतीशी नेलं. चेहऱ्यावर उजेड डावीकडून होता. हातावर उजवीकडून. शाल गळ्याशी घट्ट. सगळं अगदी उघड होतं, लपवायचा कुणी विचारही केला नसावा असं. ती हातापाशी थांबली नाही, वर गेली, गालापाशी. खळीच्या बाजूला, जबड्याच्या दिशेनं, एक पट्टा होता, जिथं कातडीला कण नव्हता, नुसती पेन्सिल. घोटून घोटून गुळगुळीत केलेला, एका लहान बोटाच्या लांबीचा. आई पलीकडे कुठंतरी बघत नव्हती. कुणीतरी गाल ओढत होतं, आणि ती तशीच, न हलता, फोटोवाल्याकडे बघायचा प्रयत्न करत होती.

"काय शोधतेस?" बाबांनी विचारलं.

"आईला खळी होती का, बाबा?"

हळूच विचारलं होतं. पण हे त्यांना ऐकू गेलं. घडी घालणारे हात थांबले.

"नव्हती," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुला खोड होती. कुणी उचललं की गालात बोट खुपसायचं. माझ्याही. तिच्या तर दिवसभर. मी म्हणायचो, अगं नखं काप त्या पोरीची." त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घातली. "दाराचं मात्र खरं आहे हं."

दाराचं तिनं काही विचारलं नव्हतं. विचारलंही नाही. अंगठ्याशेजारचं बोट तिनं उचललं आणि काचेवर, खळीवर ठेवलं. पण बोट आता केवढं तरी मोठं झालं होतं. खळी झाकली, पेन्सिलीचा पट्टा झाकला, त्याच्याखाली आईचा अर्धा गालच दिसेनासा झाला. ती तशीच थांबली, काच गरम होईपर्यंत. मग बोट काढलं. गाल परत आला, आणि त्याच्यावर, खळीपाशी, एक धुरकट ठसा.

"काचेवर डाग पाडलास बघ," बाबा म्हणाले. "पूस तो."

"राहू द्या, बाबा."